ऑटोकॅडसाठी गेमिंग कीपॅड: डावा हात कामाला कसा लावायचा

गेमिंग कीपॅड म्हणजे अर्ध्या कीबोर्डएवढं, एका हाताखाली मावणारं यंत्र. चार ओळी बटणं, अंगठ्याजवळ छोटी जॉयस्टिक किंवा दिशांचं बटण आणि मनगटाला टेकू. बनवलं गेम खेळणाऱ्यांसाठी, पण दिवसभर ड्राफ्टिंग करणाऱ्याला त्याचा जास्त उपयोग आहे. आपला उजवा हात माउस सोडत नाही आणि डाव्या हाताला कीबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळावं लागतं. ही पळापळ थांबते. मात्र कीपॅड आणला, जोडला आणि दुसऱ्या दिवसापासून वेग वाढला असं होत नाही. मांडणी चुकली तर पंधरा दिवसांत तो खणात जातो. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

उदाहरणं ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या द्विमिती कामाची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

१. आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

ट्रिमसाठी टीआर, ऑफसेटसाठी ओ, कॉपीसाठी सीओ, मिररसाठी एमआय ही कमांडची लघुरूपं तुमच्या बोटांत बसली आहेत का? नसतील तर कीपॅड इतक्यात घेऊ नका. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच बाहेर पडलेल्यांना हे मुद्दाम सांगतो. मुलाखतीत किंवा ट्रेड टेस्टला समोर साधा कीबोर्ड असतो, तिथे तुमचा कीपॅड येणार नाही. आधी लघुरूपं, मग कीपॅड.

काम मुख्यतः त्रिमितीचं असेल आणि मॉडेल सतत फिरवावं लागत असेल, तर डाव्या हाताखाली थ्रीडीकनेक्शनचा स्पेसमाउस जास्त शोभतो. दोन्ही यंत्रं डावाच हात मागतात आणि सतत अदलाबदल करण्यात मजा नाही. कीपॅड हे आज्ञा देण्याचं यंत्र आहे, मॉडेल फिरवण्याचं नाही.

२. कुठला घ्यायचा

बाजारात सहज दिसणारं नाव म्हणजे रेझर टार्टारस. त्याच्या व्ही-२ मॉडेलला प्रोग्राम करता येणारी ३२ बटणं असल्याचं कंपनी सांगते, पण त्या आकड्यात अंगठ्याच्या आठ दिशा आणि स्क्रोलचं चाकही धरलेलं आहे. बोटांखालची खरी बटणं वीसच्या आत समजा. तेवढी पुष्कळ झाली. २०१९ साली आलेल्या टार्टारस प्रोमध्ये बटण अर्धं दाबलं तर एक काम आणि पूर्ण दाबलं तर दुसरं, अशी सोय आहे. गेममध्ये ती छान वाटते. ड्रॉइंगमध्ये अर्धवट दाब पडून नको ती कमांड सुरू होते, तेव्हा ती सोय बंदच ठेवा.

लॉजिटेकचा जी-१३ हा जुन्या लोकांचा लाडका, पण त्याचं उत्पादन कधीच थांबलं. सेकंडहँड मिळाला तरी लक्षात ठेवा: कंपनीचं नवं जी-हब सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही, जुनंच गेमिंग सॉफ्टवेअर शोधून बसवावं लागतं. तशी खटपट करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

तिसरा मार्ग म्हणजे क्यूएमके किंवा व्हिया या मोफत प्रणालीवर चालणारा छोटा मॅक्रोपॅड. दिसायला साधा, मनगटाला टेकू नाही, पण सगळी मांडणी त्याच्या पोटातच साठते. ऑफिसच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर हाच बरा.

एक सल्ला हमखास कानावर येईल: "साधा यूएसबी नंबरपॅड घे आणि ऑटोहॉटकी टाक, झालं काम." काम होत नाही. ऑटोहॉटकी हे कळांना हवी ती कामं नेमून देणारं मोफत सॉफ्टवेअर, पण त्याला स्वतःहून दोन कीबोर्डमधला फरक कळत नाही. नंबरपॅडवरचा ७ ट्रिमला दिलात की मुख्य कीबोर्डच्या नंबरपॅडवरचा ७ सुद्धा ट्रिमच करणार.

डावखुऱ्यांनी खरेदीआधी यंत्र हातात घेऊन पाहावं. बहुतेक कीपॅड डाव्या हातासाठी घडवलेले असतात. माउस डाव्या हातात धरणाऱ्याला त्यांच्या अंगठ्याची बटणं उलट्या बाजूला येतात.

जवळ काय काय हवं:

– कीपॅड आणि त्याचं कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेलं सॉफ्टवेअर
– संगणकावर इन्स्टॉल करण्याचा अधिकार, नाहीतर आयटी विभागाची लेखी परवानगी. बऱ्याच कंपन्यांत अनोळखी यूएसबी उपकरण लावलं की ते आपोआप अडवलं जातं
– ऑटोकॅडमधली लघुरूपं ज्या फाइलमध्ये असतात त्या एकॅड-पीजीपी फाइलची एक प्रत
– सरावासाठी एखादं जुनं, पूर्ण झालेलं ड्रॉइंग
– कागद आणि पेन्सिल, मांडणी आखायला

३. आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवा

दुसऱ्याची मांडणी उचलू नका. घरांचे नकाशे काढणाऱ्याच्या कमांड वेगळ्या, शीटमेटलचं शॉप ड्रॉइंग करणाऱ्याच्या वेगळ्या. आपण काय वापरतो हे आपल्यालाही नीट ठाऊक नसतं, म्हणून मोजा. ऑटोकॅडमध्ये लॉगफाइलऑन ही कमांड द्या. त्यानंतर कमांड लाइनवर उमटणारी प्रत्येक गोष्ट एका मजकूर फाइलमध्ये जमा होते. फाइल कुठे साठते ते लॉगफाइलपाथ विचारल्यावर कळतं.

आठवड्याने त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडा आणि वाचा. कमांडच्या नावाआधी अधोरेषा दिसली तर ती कमांड तुम्ही बहुधा रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, क्लिक करून दिली आहे. नुसतं टीआर किंवा ओ दिसलं तर टाइप करून. अधोरेषावाल्या कमांड आधी निवडा. त्यांच्यासाठी माउस ड्रॉइंग सोडून वर गेला होता, म्हणजे खरी बचत तिथेच आहे. मॅचप्रॉप, लेयर आयसोलेट, डायमेन्शनच्या कमांड हमखास या यादीत निघतात.

त्यातल्या आठच निवडा. अगदी आठ. वीस बटणं रिकामी बघून हात शिवशिवतात, पण पहिल्या दिवशी सगळी भरली तर एकही लक्षात राहत नाही. ही आठ न बघता दाबता यायला लागली की पुढची चार.

४. बटणांची जागा

आधी बोटांची घरं ठरवा. मधल्या ओळीवर चार बोटं आरामात टेकतात. सगळ्यांत जास्त लागणाऱ्या कमांड त्या ओळीत. वरची ओळ काढण्यासाठी: लाइन, पॉलीलाइन, सर्कल, रेक्टँगल. खालची ओळ फेरफारासाठी: फिलेट, एक्स्टेंड, मिरर, रोटेट. असा गट केला की बोट चुकलं तरी शेजारच्याच जातीची कमांड लागते आणि एका एस्केपमध्ये निभावतं.

अंगठ्याच्या मुख्य बटणाला स्पेस द्या. ऑटोकॅडमध्ये मजकूर लिहिण्याची वेळ सोडली तर स्पेस म्हणजेच एंटर, शिवाय रिकाम्या कमांड लाइनवर स्पेस दाबला की मागची कमांड परत सुरू होते. दिवसभरात सगळ्यांत जास्त दाबलं जाणारं बटण हेच. एस्केप करंगळीला, वरच्या कोपऱ्यात. अंगठ्याच्या दुसऱ्या बटणाला साधं शिफ्ट द्या, मॅक्रो (एका बटणामागची कळांची रांग) नव्हे, म्हणजे ते धरून ठेवता येतं. शिफ्ट धरून माउसचं चाक दाबून ओढलं की दृश्य फिरतं आणि कोपरा गोल करणाऱ्या फिलेटमध्ये शिफ्ट धरून दुसरी रेषा निवडली की त्रिज्या न बदलता कोपरा शून्याने जुळतो.

रेषा आडवी-उभीच ठेवणाऱ्या ऑर्थोचं एफ८ आणि नेमका बिंदू पकडणाऱ्या ओस्नॅपचं एफ३ दिशांच्या बटणावर छान बसतात. इरेज आणि एक्सप्लोड मात्र कीपॅडवर ठेवू नका. एक्सप्लोड चुकून लागलं आणि तासाभराने लक्षात आलं तर ब्लॉकचे, म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तूंचे, तुकडे गोळा करत बसावं लागतं.

बटणांवर स्टिकर चिकटवू नका. स्टिकर असला की नजर खाली जाते, आणि नजर खाली जाणार असेल तर कीबोर्ड काय वाईट होता? मांडणीचा छोटा कागद मॉनिटरच्या कडेला लावा. डोळा पडद्याजवळच राहतो. आणि त्या रंगीत दिव्यांचा एक खरा उपयोग आहे: प्रत्येक गटाला एक रंग द्या, बाकी नाचणारी रोषणाई बंद करा.

५. मॅक्रो: एस्केप कुठे लावायचा, कुठे नाही

मॅक्रो म्हणजे एका बटणामागे लपवलेली कळांची रांग. ट्रिमसाठी साधी रांग अशी: एस्केप, एस्केप, टी, आर, स्पेस. आधीचे दोन एस्केप चालू असलेली कमांड बंद करतात, म्हणून नवखे लोक ते सगळ्याच मॅक्रोंना लावून मोकळे होतात. इथेच सगळं बिघडतं. मॅक्रोंचे तीन गट पाडा.

पहिला गट, एस्केप लावायचा: लाइन, सर्कल, पॉलीलाइन, ऑफसेट, ट्रिम, एक्स्टेंड, फिलेट. या नव्याने सुरू होणाऱ्या कमांड.

दुसरा गट, एस्केप लावायचा नाही: मूव्ह, कॉपी, रोटेट, स्केल, मिरर. आपण पुष्कळदा आधी वस्तू निवडतो आणि मग कमांड देतो. एस्केपने ती निवड सुटते. चाळीस वस्तू खिडकी ओढून निवडल्या, मूव्हचं बटण दाबलं आणि कमांड विचारते, "काय हलवू?" यात दोष यंत्राचा नाही, मॅक्रोतल्या एस्केपचा.

तिसरा गट, एस्केप चालणारच नाही: कमांडच्या मधे वापरायच्या गोष्टी. लाइन काढताना फक्त एका बिंदूसाठी मध्यबिंदू पकडायचा असेल तर एम, आय, डी, स्पेस. लंबासाठी पी, ई, आर, स्पेस. दोन बिंदूंच्या बरोबर मधला बिंदू हवा असेल तर एम, २, पी, स्पेस. ही तीन बटणं ज्याने बसवली त्याला कीपॅडची किंमत वसूल झाल्यासारखं वाटतं, कारण यांच्यासाठी एरवी शिफ्ट धरून उजवी क्लिक आणि लांबलचक यादी उघडावी लागते. मधेच वापरायच्या झूमच्या आधी एस्केपऐवजी एकेरी अवतरणचिन्ह लागतं, म्हणजे चालू कमांड तुटत नाही.

मागे घेण्यासाठी यू, स्पेस एवढंच ठेवा, यालाही एस्केप नको. लाइन चालू असेल तर फक्त शेवटचा तुकडा मागे जातो आणि कमांड चालू नसेल तर मागची कमांड रद्द होते. एकाच बटणात दोन्ही.

जुन्या मांडणीतला एक सापळा ट्रिमचा आहे. पूर्वी टीआर नंतर दोनदा स्पेस देऊन "सगळ्या कडा धरा" असं सांगायची सवय होती. ऑटोकॅड २०२१ पासून ट्रिम मुळातच झटपट पद्धतीने सुरू होतं आणि तो दुसरा स्पेस कमांड तिथेच संपवतो. बटण दाबलं, काहीच झालं नाही असं वाटलं तर हेच बघा. एकतर एक स्पेस काढा, नाहीतर ट्रिमएक्स्टेंडमोड शून्य करून जुनी पद्धत परत आणा.

मॅक्रो रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअर तुमच्या बोटांमधला वेळही टिपतं. रेकॉर्ड करताना तुम्ही अडखळलात तर प्रत्येक वेळी मॅक्रोही तेवढाच अडखळेल. मधला वेळ काढून टाका. फाइल जड असेल आणि अक्षरं गळायला लागली तरच कळांमध्ये अगदी थोडा, ठरावीक विलंब घाला.

आता थोडी चैन. घरांच्या नकाशात बाहेरची भिंत २३० मिलिमीटर आणि आतली ११५ ही मापं दिवसभर लागतात. एस्केप, एस्केप, ओ, स्पेस, २, ३, ०, स्पेस असं एक बटण आणि ११५ चं त्याच्या शेजारी. रेषा निवडली, बाजू दाखवली, भिंत तयार. फक्त ड्रॉइंगचं एकक मिलिमीटर आहे ना ते बघा. मीटरच्या फाइलमध्ये हेच बटण दाबलंत तर भिंत प्लॉट ओलांडून पार पुढच्या गल्लीत जाते.

६. आकड्यांचा थर

कमांड डाव्या हाताने दिली, आता माप टाकायचंय. माउस सोडून उजवा हात नंबरपॅडवर गेला, माप टाकलं, परत माउसवर. कॅडमध्ये दर दुसऱ्या कमांडला आकडा लागतो, त्यामुळे आकडे कीपॅडवर आले नाहीत तर निम्मा फायदा हातचा गेला. लोक कीपॅड सोडून देतात त्याचं सगळ्यांत मोठं कारण माझ्या मते हेच.

यावर उपाय थराचा. बहुतेक कीपॅड सॉफ्टवेअरमध्ये एक बटण धरून ठेवेपर्यंत बाकी बटणांचे अर्थ बदलता येतात. अंगठ्याचं एक बटण त्यासाठी राखा. ते धरलं की वरच्या ओळीत ७-८-९, मधल्या ओळीत ४-५-६, खालच्या ओळीत १-२-३, म्हणजे कॅल्क्युलेटरसारखंच. शून्य, दशांशबिंदू, स्वल्पविराम, वजा आणि ॲट (@) हे चिन्ह उरलेल्या बटणांवर. सापेक्ष माप, म्हणजे मागच्या बिंदूपासूनचं, टाकायला ॲट आणि स्वल्पविराम लागतातच. अंगठा सोडला की कमांड परत.

थर "एकदा दाबला की चालू, परत दाबला की बंद" असा ठेवू नका. आपण कुठल्या थरात आहोत हे हमखास विसरायला होतं, आणि मग कॉपीऐवजी ५ उमटतो.

फूट-इंचांत काम करणाऱ्यांना एकेरी आणि दुहेरी अवतरणचिन्हंही हवीत. दहा फूट सहा इंच टाकताना तीच लागतात. इंचाच्या चिन्हाची एक गंमत आहे: विंडोजमध्ये ब्रिटनचा इंग्रजी कीबोर्ड निवडलेला असेल तर ॲट आणि दुहेरी अवतरणाच्या जागा आपसांत बदललेल्या असतात. इंच दाबल्यावर ॲट आलं तर कीपॅड बिघडलेला नाही, भाषेची सेटिंग बघा.

७. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर

हा सापळा खास आपल्याकडचा. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या नकाशात मालकाचं नाव, गट नंबर, दिशा असं काही मराठीत लिहायला तुम्ही विंडोजमधला इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू केला आणि नंतर परत इंग्रजीवर यायचं राहिलं. कीपॅड फक्त कळ पाठवतो, तिचं अक्षर ठरवतं ते विंडोज. मग लाइनच्या बटणाने कमांड लाइनवर "त" उमटतो आणि ट्रिमच्या बटणाने नुसत्या मात्रा, दीर्घ उकार आणि दीर्घ वेलांटी. ऑटोकॅड म्हणतं ही कमांड माहीत नाही. माणूस तासभर कीपॅडचं सॉफ्टवेअर उलटसुलट करत बसतो.

विंडोज बटण धरून स्पेस दाबला की भाषा बदलते. ही जोडी कीपॅडच्या एका कोपऱ्यात बसवून टाका. शिवाय विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. म्हणजे वर्डमध्ये मराठी आणि ऑटोकॅडमध्ये इंग्रजी आपापल्या जागी राहतात.

मजकुराचा चौकोन उघडा असताना कीपॅडला हात लावू नका. तिथे स्पेस म्हणजे एंटर नव्हे, टीआर म्हणजे दोन अक्षरं, आणि एस्केप म्हणजे लिहिलेलं घालवण्याची सोय.

८. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

कीपॅडच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रोग्रामला वेगळी मांडणी जोडता येते. ऑटोकॅड पुढे आलं की ऑटोकॅडची, दुसरं आलं की त्याची. ही जोडणी कराच, नाहीतर एक दिवस ईमेलमध्ये टीआर टीआर लिहिलेलं जाईल.

रेव्हिटमध्ये दोन अक्षरं पुरतात, डब्ल्यूए म्हणजे भिंत, डीआर म्हणजे दरवाजा, एएल म्हणजे अलाइन. ऑटोकॅडच्या सवयीने मागे स्पेस लावू नका. तिथे स्पेस हे वस्तू फिरवण्याचं बटण आहे, दरवाजा भलत्या बाजूला उघडेल. सॉलिडवर्क्समध्ये मॅक्रोची फारशी गरजच नाही: कस्टमाइझमधल्या कीबोर्डच्या यादीत हव्या त्या कमांडला थेट कळ देता येते. कंट्रोल-८ ने निवडलेली बाजू समोर येते आणि एस ने शॉर्टकटची पट्टी उघडते, ही दोन आधी बसवा. फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये जोडीच्या कळा आहेत, रेषेसाठी जी आणि मग एल.

ऑटोहॉटकी वापरणाऱ्यांनी कीपॅडच्या बटणांना एफ१३ ते एफ२४ या कळा द्याव्यात. विंडोज त्या ओळखतं, पण कीबोर्डवर त्या नसतात, त्यामुळे भांडण होत नाही. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा वेगळी आहे. जुन्या आवृत्तीची स्क्रिप्ट नव्यात तशीच चिकटवली तर चालत नाही.

९. टेबल आणि बॅकअप

कीपॅड कीबोर्डच्या डावीकडे ठेवण्यापेक्षा कीबोर्डच मागे, मॉनिटरच्या पायाशी सरकवा. कोपर अंगाला लागून, हात सरळ पुढे आणि मनगट वर वाकलेलं नाही, अशी जागा हवी. मनगटाचा टेकू मागेपुढे होत असेल तर मधली बोटं किंचित वाकलेली राहतील एवढा सरकवा. करंगळी ताणली जात असेल तर टोकाचं बटण रिकामं सोडा.

मांडणी जमली की कीपॅडच्या सॉफ्टवेअरमधून ती फाइल म्हणून बाहेर काढा आणि पीजीपी फाइलसोबत पेनड्राइव्हवर ठेवा. पोटातल्या मेमरीवर विसंबणार असाल तर एक तपासा: काही कीपॅडच्या मेमरीत फक्त बदललेल्या कळा राहतात, मॅक्रो राहत नाहीत. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून, दुसऱ्या संगणकाला जोडून, नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबून पाहा. नोटपॅडमध्ये "टीआर" ऐवजी एकच अक्षर उमटलं तर मेमरीत मॅक्रो नाही, आणि साइटवरच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरही न्यावं लागेल.